एका वेळी एकच देव

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. ते फळ्यावर गणिताची एक ओळ लिहायचे, मुलांकडे बघायचे, "कळली?" म्हणून विचारायचे आणि लगेच पुसून टाकायचे. मग दुसरी ओळ. ती कळली की तीही पुसायची. तासाच्या शेवटी फळ्यावर नुसतं उत्तर उरायचं आणि ते कुठून आलं हे निम्म्या वर्गाला ठाऊक नसायचं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायची. मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे त्यांच्या डस्टरचा आवाज माझ्या व्याकरणात सतत यायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, निदान मागची एक ओळ तरी ठेवा. पोरं उतरून तरी घेतील."

"बाई, मागचं ठेवलं की पोरं मागंच बघत बसतात," ते म्हणाले आणि माझ्या टेबलावरचा रिकामा कप उचलून मोरीत ठेवून आले. रिकामी वस्तू समोर पडलेली त्यांना खपत नसे.

शाळा पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला. मी महाडहून यायची. पहाटेची एसटी, पोलादपूरला उतरून दुसरी गाडी, आणि मग उरलेला चढ पायी. मी महाडची, म्हणजे बाजारपेठेच्या गावची, त्यामुळे सुरुवातीला माझ्या चालण्याबोलण्यात जरा तोरा होता. तो त्या चढाने पहिल्याच पावसाळ्यात उतरवला. सर वरंधचे. शाळेमागच्या खोलीत एकटे राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. खोलीत एक ताट, एक तांब्या, एक चटई. दुसरा माणूस आला तर सर पाणी पिऊन तांब्या धुवायचे आणि मग त्याला द्यायचे.

त्यांचं जेवण हा आम्हा शिक्षकांच्या करमणुकीचा विषय होता. डबा उघडला की आधी नुसती भाकरी खायची. भाकरी संपली की भाजी. भाजी संपली की भात, आणि वरण शेवटी प्यायचं. कालवणं म्हणून नाहीच. एकदा त्यांच्या सौभाग्यवती वरंधहून आल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, हे घरीही असंच जेवतात?"

"घरी काय नि लग्नात काय," वहिनी म्हणाल्या. "पंगतीत वाढपी वरण घेऊन उभा, नि हे म्हणतात थांबा, अजून भाजी चाललीय. माझ्या भावाच्या लग्नात दुसरी पंगत बसायला आली, हे आपले भातावर. मी तर मान खाली घातली ती वर केलीच नाय."

सर ऐकत होते. त्यांना ही तक्रार वाटलीच नाही. ते म्हणाले, "माझं डोकं लहान आहे, बाई. त्यात एका वेळी एकच मावतं. पण जे मावतं ते पळतं."

डोकं लहान, हे मात्र खरं होतं. त्यांना नावं लक्षात राहत नसत. सगळे मुलगे 'राजा' आणि सगळ्या मुली 'ताई'. हजेरी ते नंबरने घ्यायचे. स्वतःची रजा मंजूर झालेली विसरून दोनदा शाळेत आले आणि शिकवून गेले. मुख्याध्यापकांना, म्हणजे मोठ्या सरांना, रजा मांडायची की हजेरी हे कळेना.

अशा माणसाच्या हाती आमच्या शाळेतला पहिला संगणक आला.

आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला. गावाचं मंडळ मुंबईत, आणि गावात काय हवं-नको ते मंडळाने ठरवायचं, अशी रीत. मंडळाचे अध्यक्ष तात्या. ते एका ऑफिसात होते आणि त्या ऑफिसाने जुने संगणक काढून टाकले तेव्हा तात्यांनी त्यातला एक मागून घेतला. मे महिन्यात तो गाडीच्या टपावर गाद्यांत गुंडाळून आला. शाळेच्या दारात त्याला ओवाळलं. हळदकुंकू लावताना ते एका फटीतून आत गेलं, पण तेवढ्याने त्याचं काही बिघडलं नाही. पुढे जे झालं त्यानेच तो आजारी पडला.

झालं असं की तात्यांच्या पुतण्याला संगणक येत होता. त्याने अशी व्यवस्था केली, की संगणक सुरू झाला की पडद्यावर आपोआप मधल्यावाडीचा देव उघडायचा, रुप्याचे मुखवटे, झेंडूचे हार, आणि मागे आरती. गावाला ते फार आवडलं. मधलीवाडी खूश झाली. पण आमच्या गावाला वाड्या चार. गणपतीला खालच्यावाडीचे मुंबईकर आले ते सीडी घेऊनच. त्यांचा मारुती का नको? तोही आपोआप उघडायला लागला. त्याची आरती वेगळी. दिवाळीला पलीकडल्यावाडीने आपल्या भैरीच्या पालखीचे फोटो टाकले, एकामागून एक सरकणारे, आणि सोबत त्याची आरती. मग क्रिकेटच्या संघाचा फोटो, पडद्यावर फुटणाऱ्या फटाक्यांसकट. मग मंडळाच्या सभासदांची नावं, खालून वर जाणारी. ज्याला जे येत होतं ते त्याने श्रद्धेने त्या संगणकात घातलं.

परिणाम असा की सकाळी प्रार्थनेच्या आधी बटण दाबलं की पहिला तास संपताना संगणकाला जाग यायची. तीन आरत्या एकमेकींत घुसायच्या. आतून कुरकुर कुरकुर आवाज. मग माऊस हलवला की बाण एका जागी थिजलेला. आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. मशीन उठून बसेपर्यंत लाईट जायची, आणि आली की पुन्हा पहिल्यापासून तिन्ही देव. मुलं रांगेत उभी राहून बघायची आणि परत जायची. कळफलकावर धड एक शब्द लिहिलेलं मूल तोवर मी पाहिलं नाही.

सरांनी संगणक आधी स्वच्छ करायचा घेतला. सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. कुंकूही उडालं. मेमरीची ती हिरवी पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरने घासले. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा पाणी होतं, म्हणून संगणकाच्या पेटीत रात्रभर बल्ब लावून ठेवायचे. ते त्याला 'अहो' म्हणायचे. मशीन थिजलं आणि एखादं पोर बटणं बडवायला लागलं की सर त्याचा हात धरायचे, "थांब राजा. त्यांचं चाललंय. मध्ये बोलू नये."

डिस्कवरचे विखुरलेले तुकडे गोळा करून एकत्र लावायचा एक कार्यक्रम असतो. पडद्यावर बारीक चौकोन इकडून उचलून तिकडे जातात. सरांना ते बघायला फार आवडायचं. एकदा त्यांनी अख्ख्या आठवीला ते दाखवलं. एक शेतकरी बाप पोराला डबा द्यायला आला होता, तोही उभा राहिला. म्हणाला, "सर, तुमच्या मशिनीला जमतंय. आमच्या भावकीला नाय जमला अजून." त्याची भातखाचरं चार दिशांना होती.

एवढं करूनही मशीन जागचं हललं नाही. मी म्हटलं, "महाडला दुकान आहे, मेमरी वाढवून मिळते." मी स्वतः विचारून आले. दुकानातला पोरगा म्हणाला, ही जुनी पट्टी आता येतच नाही. आहे तेवढ्यावरच भागवावं लागणार होतं.

मग सरांनी मला समजावलं. आम्ही जेवत होतो, म्हणजे मी जेवत होते आणि ते भाकरीवर होते. "बाई, हार्डडिस्क म्हणजे कोठी. ती मोठी आहे. मेमरी म्हणजे ताट, आणि ते आहे एवढंसं. ह्या लोकांनी सकाळी सकाळी ताटात सगळं वाढून ठेवलंय. जागा पुरत नाही म्हणून मशीन भात उचलून कोठीत नेतं. वरण वाढतं, मग भात हवा म्हटलं की वरण ठेवून भात परत आणतं. ती कुरकुर ऐकता ना, ती ही ने-आण. असं जेवण होतं का?"

मला पहिल्यांदा त्यांचं जेवण कळलं. बरोबर वाटलं असं नाही, पण कळलं.

एका सोमवारी त्यांनी सरळ सगळे देव आपोआप उघडायचे बंद केले. फोटो डिस्कवर जागच्या जागी होते, फक्त सकाळी आपणहून येत नव्हते. मशीन झटक्यात सुरू झालं. सर पोरासारखे खूश. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी खालच्यावाडीचे अण्णा चार माणसं घेऊन आले.

"सर, आमचा मारुती काढलात म्हणं?"

"काढला नाही हो. आत ठेवलाय."

"आत म्हंजे कुठं?"

"कोठीत."

आता हे सरांनी बोलायला नको होतं. मी मागून खुणा करत होते, पण सरांचं लक्ष एका वेळी एकाच माणसाकडे असायचं. अण्णांचा आवाज चढला. "देव काय भाताची कणगी हाय काय कोठीत ठेवायला? नि मधल्यावाडीचा पन आतच हाय, का तो भायेर?"

"सगळेच आत आहेत."

ही बातमी बाकीच्या वाड्यांना कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत तिन्ही वाड्या शाळेच्या अंगणात. मोठे सर घाबरले आणि त्यांनी हुकूम काढला की यापुढे देवांना कोणी हात लावायचा नाही. सरांनी मुकाट्याने तिन्ही देव, फटाके आणि नावं परत लावली. मशीन परत कुरकुरायला लागलं.

सर आता निवृत्त होऊन वरंधला असतात. मध्यंतरी मी त्या बाजूला गेले तर भेटून आले. मुलाने दिलेला मोबाईल त्यांच्या खिशात होता. त्यात फोटो एकच, नातीचा. नवा फोटो आला की बघायचा, जुना पुसायचा. मी म्हटलं, "सर, ह्यात हजारो मावतात." ते म्हणाले, "मावतात हो. पण बघायचे कधी?" मला त्यांचं सगळंच पटतं अशातला भाग नाही. माझ्या मोबाईलमध्ये आठ हजार फोटो आहेत आणि हवा तो कधी सापडत नाही, हे त्यांना मी सांगितलं नाही.

तर, त्या वर्षी संक्रांत झाली आणि कापड्याच्या बूथवर तात्यांचा मोठ्या सरांना फोन आला. तात्यांच्या कानावर गेलं होतं की मशीन नुसतंच झाकून ठेवलंय. "शिमग्याला येतोय मी," तात्या म्हणाले. "चालू दिसला तर ठीक, नायतर खालच्या मोठ्या शाळेला देऊन टाकू. यूज तरी होईल. मंडळाचं नाव खराब होतंय, सर."

त्यात तात्यांची तरी काय चूक? पण मशीन खाली गेलं असतं तर आमची पोरं त्याला मुकली असती. महाडच्या क्लासला जाऊन शिकणं त्यांना जमणारं नव्हतं. क्लास संध्याकाळचे, आणि वर यायची गाडी त्याआधीच निघून जायची. धनगरवाडीची पोरं तर आमच्या शाळेपर्यंतच डोंगर उतरून यायची.

त्या दिवशी डबा खाताना सरांनी भाकरीबरोबर भाजी खाल्ली. इतका हा माणूस हलला होता.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, गावकीची बैठक आहे देवळात. चला."

"मला कोण बोलावतंय?"

"मी. मी काय बोलायचं ते मध्येच विसरलो तर तुम्ही सांगा."

देवळात सगळ्या वाड्यांचे जाणते बसले होते. विषय शिमग्याच्या पालखीचा. कुठल्या दिवशी पालखी कुठल्या वाडीत, नाचवायची कोणी, नारळ कोणाचा. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, तरी दर वर्षी नव्याने भांडून ठरवायचं. बोलणी संपत आली तेव्हा सर उभे राहिले.

"एक विचारू? पालखी ज्या दिवशी मधल्यावाडीत असते, त्या दिवशी खालच्यावाडीचा अपमान होतो का?"

अण्णा म्हणाले, "अपमान कसला? आमची पाळी दुसऱ्या दिवशी असते ना!"

"मग सगळ्या वाड्यांत पालखी एकाच दिवशी का नाही नेत?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "सर, पालखी एकच हाय."

"मशीनही एकच आहे," सर म्हणाले. "पालखी जशी पाळीने फिरते तसं करू. एका आठवड्याला एका वाडीचा देव. सोमवारी त्या वाडीच्या जाणत्याने यायचं, मानाने बटण दाबायचं. बाकीचे देव आपापल्या देवळात असतात तसे डिस्कवर राहतील. एका वेळी एकच देव."

पाळी ही गोष्ट त्या लोकांच्या रक्तात होती. मेमरी म्हटलं तर वाद घातला असता, पाळीला कोण नाही म्हणणार? अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "क्रम कुठला?"

"पालखीचाच."

"मग बराबर हाय."

तेवढ्यात सर गोंधळून माझ्याकडे वळले. "बाई, वाड्या एकूण किती?" मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी सवयीने बोटांवर मोजलं, "मधली, खालची, पलीकडली, नि शेवट धनगरवाडी. चार." असं म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की धनगरवाडीने तर संगणकात काहीच घातलेलं नाही. त्यांचं मुंबईला मंडळ नव्हतं, सीडी नव्हती, तिकडून सणाला येणारा कोणी पुतण्याही नव्हता. पण पालखीच्या पाळीत त्यांचं नाव होतं, आणि बोललेला शब्द देवळात बोललेला होता. मागे खांबाला टेकून धनगरवाडीचे धाकलूबाबा बसले होते. ते घोंगडी सावरून बसले एवढंच.

राहिले फटाके आणि सभासदांची नावं. नावं सरांनी ऑइलपेंटने शाळेच्या भिंतीवर लिहून घेतली, चांगली ठळक. "भिंतीला मेमरी लागत नाही," ते म्हणाले. भिंतीवर नाव आलं म्हटल्यावर सभासदांचीही तक्रार राहिली नाही. क्रिकेटवाल्यांना सांगितलं, तुमचे फटाके शिमग्यालाच लावू, खरे.

पुढच्या सोमवारी मधल्यावाडीचे जाणते फेटा बांधून आले. बटण दाबलं, देव उघडला, आरती झाली, आणि घंटा व्हायच्या आत पोरं मशीनपुढे बसली. त्या दिवसापासून मी शेजारच्या वर्गात कळफलकाची टकटक ऐकायला लागले. खालच्यावाडीचा आठवडा आला तेव्हा अण्णांनी पेढे आणले. बटण दाबायच्या आधी त्यांनी हात धुतले आणि ओल्या हाताने बटणाला शिवायला निघाले, तेव्हा मीच ओरडले.

धनगरवाडीचा आठवडा आला तेव्हा मात्र अडचण. त्यांच्या देवाचा फोटोच नव्हता. नववीत त्यांची एक मुलगी होती, भागी. सर म्हणाले, "ताई, तू काढ." रंग भरायचा साधा कार्यक्रम उघडून दिला. धाकलूबाबा मागे उभे. भागीने माऊस पहिल्यांदाच धरला होता. गोल काढायला गेली तो वाकडातिकडा दगड झाला.

"ह्योच," धाकलूबाबा म्हणाले. "असाच हाय. आता पुसू नको."

भागीने त्याला डोळे काढायला घेतले. "डोळं नको गो काढू. आमच्या देवाला डोळं नायत."

सरांनी विचारलं, "मग बाबा, तो बघतो कसा?"

"बघायला कशाला पायजेत डोळं? त्याला गुरं राखायची हायत."

मग थोडा शेंदूर, मागे एक झाड. चित्रात रंग मोजकेच, त्यामुळे ते इतकं हलकं झालं की मशीनला त्याचा भारच वाटेना. बाकीच्या देवांना मुखवटे, दागिने, आरत्या. हा एकटा, उघडा, बिनआवाजाचा. त्या आठवड्यात संगणक जेवढा पळाला तेवढा कधीच पळाला नव्हता.

आणि तोच आठवडा शिमग्याचा निघाला. माघात पाळी सुरू झाली, चार वाड्यांचा फेरा फिरून शिमग्याला धनगरवाडी येणार, हे कोणीच मोजलं नव्हतं. गणिताच्या शिक्षकानेही मोजलं नसेल यावर माझा आजतागायत विश्वास नाही. मी पुष्कळदा विचारलं. ते म्हणतात, आठवत नाही.

गाव मुंबईकरांनी भरून गेलं. तात्या शाळेत आले ते दहा-बारा माणसं घेऊन. पायात चकचकीत बूट, गळ्यात कोणीतरी घातलेला हार. सगळ्या वाड्यांचे लोक खिडक्यांना लटकलेले. अण्णा पुढे. तात्यांनी भिंतीवरची नावं वाचली, खूश झाले. मग संगणकाजवळ आले.

"सर, आज मधल्यावाडीचा देव लावा. पहिला मान आमचा. पाळीबिळी उद्यापासून कंटिन्यू करा."

"लावू या, लावू या," मोठे सर म्हणाले.

सर शांतपणे म्हणाले, "लावतो. पण तो लावला की खालच्यावाडीचा राहतो आणि पलीकडल्यावाडीचाही राहतो. सगळे इथंच आहेत. त्यांना तुम्ही नको म्हणून सांगा, मी लावतो."

तात्यांनी मागे वळून बघितलं. अण्णांचा हात मिशीवर होता.

"आणि चारी लावले तर?"

"तर आपण चहाला जाऊन येऊ. तोवर उठेल. लाईट राहिली तर."

लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस आता चिडणार आणि मशीन आज संध्याकाळीच गाडीवर चढणार. सरांच्या कपाळावर घाम होता. तरी ते जागचे हलले नाहीत.

"आज पाळी कोणाची?" तात्यांनी विचारलं.

"धनगरवाडीची."

"त्यांचा कसला देव?"

ज्या सुरात ते म्हणाले तो मला मुळीच आवडला नाही. धाकलूबाबा दारात उभे होते, ऐकत होते. माझी जीभ तिखट आहे, ती चालणारच होती. पण तेवढ्यात सर म्हणाले, "बाबा, या. दाबा बटण."

धाकलूबाबांनी चपला बाहेर काढल्या, बोट धोतराला पुसलं आणि दाबलं. तात्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत पडदा उजळला होता. तो वाकडा दगड, थोडा शेंदूर, मागे झाड. कोणाचं काय सांगणार, पण समोर देव आला की हात आपले आपण जोडले जातात. खिडक्यांतले हात जुळले, अण्णांचे जुळले. तात्यांचेही जुळले, आणि मग ते तसेच बघत राहिले.

"हा..." ते म्हणाले. मुंबईची सगळी भाषा त्यांच्या तोंडातून गळून पडली. "हा जांभळीखालचा काय रं, धाकलू?"

"त्योच."

"मी गुरं घिऊन वर जायचो तवा... भाकरीचा पयला तुकडा ह्याच्या म्होरं ठेवायचो."

"मला ठाव हाय. मी पन व्हतो ना संगती."

"माझी तांबडी गाय हरवली व्हती. आईनं घरात घेतला नसता मला. ह्यालाच नारळ बोललो व्हतो."

"गाय गावली ना?"

"गावली." तात्यांनी चष्मा काढला. "नारळ ऱ्हायला."

कोणी हसलं नाही. एवढा मोठा मंडळाचा अध्यक्ष, रडताना त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तात्यांनी हार काढून सरांच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "मशीन कुठं जात नाय. हितंच ऱ्हाईल. धाकलू, चल, वर जाऊन येऊ आधी."

मुंबईचे पाहुणे आले की धनगरवाडीची पोरं आपण होऊन व्हरांड्यात जाऊन उभी राहायची, तशी वर्षानुवर्षांची सवयच होती. त्या दिवशी मात्र त्यांची पाळी होती म्हणून सरांनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं होतं. तात्या बूट काढायला जागा शोधत त्या बाकापाशी आले. पोरं घाबरून उठायला लागली. "बसा रे, उठता कशाला? जरा सरका," असं म्हणून तात्या त्यांच्या शेजारी, बाकाच्या टोकाला टेकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

सरांनी हार खिडकीच्या गजाला अडकवला आणि मुलांकडे वळून म्हणाले, "हं, चला. पहिलं कोण बसतंय?"